रीफ टँकचं पाणी गढूळ झालं तर: आधी ओळखा, मग हात घाला

टँक दुधासारखा दिसायला लागला की पहिला हात जातो तो पाणी उपसायच्या पाइपकडे. तो जरा आवरा. खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळं ठेवलेल्या टँकमध्ये, गढूळपणा पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि एकावरचा उतारा दुसऱ्यावर उलटतो. कॅल्शियम कार्बोनेटचा साका पडत असताना ‘अल्कलिनिटी घसरली’ (पाण्यातलं विरघळलेलं कार्बोनेट कमी झालं) म्हणून ती वाढवणारा बफर ओतला, तर साका वाढतो. बॅक्टेरिया माजलेले असताना निम्मं पाणी बदललं, तर नुसतं मीठ वाया जातं, कारण उरलेले बॅक्टेरिया काही तासांत पुन्हा दुप्पट होतात. कारण ओळखायला मात्र दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

सगळ्यात आधी मासे बघा. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत असतील किंवा कल्ले भराभर हलत असतील, तर चाचण्या नंतर. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा, एक पॉवरहेड, म्हणजे प्रवाह देणारा पाण्यातला छोटा पंप, वर वळवून पृष्ठभाग चांगला ढवळला जाईल असं बघा, मग पुढचं. मासे शांत असतील तर मॅग्नेटने आतली काच पुसून घ्या. बऱ्याचदा गढूळ असते ती काच, पाणी नव्हे.

पेल्याची चाचणी

काचेच्या स्वच्छ पेल्यात टँकचं २०० मिली पाणी घ्या. मागे काळा कागद धरा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. एक-दोन मिनिटांत पाणी खालून वर निवळत गेलं, तर ते बारीक बुडबुडे आहेत. अर्ध्या-एक तासात तळाशी पांढरी भुकटी बसली, तर वाळूची धूळ किंवा साका. काहीच हललं नाही, धुकं जसंच्या तसं राहिलं, तर बहुधा बॅक्टेरिया.

शंका राहिली तर त्याच पेल्यात एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, साधं पांढरं व्हिनेगर टाका आणि ढवळा. धुकं काही मिनिटांत विरलं तर ते कार्बोनेट, कारण आम्लात ते विरघळतं. बॅक्टेरियांचं धुकं तसंच राहतं. हे पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये परत नको.

बुडबुडे असतील तर बघायचं ते संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत. बाष्पीभवनाने रिटर्न पंपाच्या (पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातली पातळी उतरली की पंप पाण्यासोबत हवा ओढतो आणि पंख्यात तिचा चुरा होऊन टँकभर पसरतो. गोडं आरओ-डीआय पाणी (सगळे क्षार काढलेलं) भरून पातळी वर आणा. नवा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) पहिले काही दिवस असेच बुडबुडे सोडतो, त्याला वेळ द्या.

दुधाळ पाणी: बॅक्टेरिया

नव्या टँकमध्ये हे सर्वाधिक दिसतं आणि जिवावर बेतू शकतं तेही हेच. पाण्यात सेंद्रिय कार्बनचं खाद्य अचानक वाढलं की तरंगते बॅक्टेरिया माजतात: जास्त पडलेलं फ्रोझन फूड, दगडामागे मेलेला मासा, नीट क्युअर न केलेला (आधी वेगळ्या पाण्यात ठेवून मेलेले जीव न काढलेला) लाइव्ह रॉक, म्हणजे जीव असलेला समुद्री दगड, किंवा नायट्रेट उतरवायला दिलेल्या व्होडका-व्हिनेगरचा चढा डोस. बॅक्टेरिया स्वतः माशांना मारत नाहीत, ते ऑक्सिजन संपवतात. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. त्यात उन्हाळा असेल, पाणी ३० अंशांवर गेलं असेल आणि मध्यरात्री वीज गेली, तर काही तासांत टँक बसू शकतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात चार्ज करून ठेवाच.

खाद्य दोन-तीन दिवस बंद करा, धडधाकट माशांना एवढ्या उपासाने काही होत नाही. व्होडका-व्हिनेगरचा डोस आणि बायोपेलेट रिअॅक्टर (बॅक्टेरियांना कार्बन पुरवणाऱ्या गोळ्यांचं नळकांडं) बंद. स्किमर थोडा ओला चालवा, म्हणजे पातळ फेस जास्त निघेल, आणि कप रोज धुवा. मग मेलेलं शोधा. माशांची मोजणी करा, दगडांच्या फटीत टॉर्च मारा आणि न हलणारी प्रत्येक गोगलगाय बाहेर काढून हुंगा. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा आला की पुन्हा विचारावं लागत नाही.

अमोनियाची टेस्ट याच वेळी करा. अमोनिया दिसला तर १५-२० टक्के पाणी बदला, नाहीतर बदलू नका. १०० लिटरला साधारण ५० ग्रॅम अॅक्टिव्हेटेड कार्बन, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत आरओ पाण्यात धुऊन, जाळीच्या पिशवीत घालून प्रवाहात ठेवा. त्याने बॅक्टेरिया जात नाहीत, पण त्यांचं विरघळलेलं खाद्य कमी होतं. यूव्ही स्टरिलायझर असेल तर तो खरं काम करतो, फक्त पाणी त्यातून सावकाश जाऊ द्या. बाटलीतले बॅक्टेरिया नुकतेच टाकले असतील तर त्या काळात तो बंद ठेवा. बहुतेक टँक तीन ते सात दिवसांत निवळतात.

एक गोष्ट मात्र करू नका. पिण्याचं पाणी निवळायला घरात तुरटी फिरवतात, तीच युक्ती इथे नको. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं सल्फेट. त्या अॅल्युमिनियमने लेदर कोरलसारखी मऊ प्रवाळं आक्रसतात. गोड्या पाण्यासाठी विकली जाणारी ‘क्लॅरिफायर’ द्रावणंही रीफमध्ये ओतू नका.

चुन्याचा साका

डोस दिल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासाभरात टँक पांढरा झाला आणि व्हिनेगरमध्ये धुकं विरलं, तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकमेकांना भेटून साका होऊन पाण्याबाहेर पडले आहेत. असं होण्याच्या वाटा ठरलेल्या: टू-पार्ट डोसचे (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन वेगळी द्रावणं) दोन्ही भाग एकाच जागी, एकामागून एक ओतले, ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) फ्लोट अडकला आणि चुन्याच्या निवळीची अख्खी टाकी आत गेली, किंवा निवळीऐवजी तळाचा गाळ ओतला. एका लिटर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, त्यापुढचा चुना तळाशी बसतो. तो तिथेच राहू द्यायचा. या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबाने आणि शक्यतो रात्री देतात.

डोसिंग पंप बंद करा. पीएच मोजा. तो ८.६ च्या वर गेला असेल तर खिडक्या बंद ठेवा आणि साधा सोडा (बाटलीतलं सोडा वॉटर, खायचा सोडा नव्हे) आणा: चव, साखर, लिंबू काहीही नसलेला. १०० लिटरला साधारण १६० मिली सोड्याने पीएच ०.३ च्या आसपास उतरतो. तो संपमध्ये, जोरदार प्रवाहात, थोडा थोडा ओता आणि मधे मधे पीएच बघत राहा.

यानंतर अल्कलिनिटी मोजाल तेव्हा ती पडलेली दिसेल, ८ डीकेएचची (डीकेएच हे तिचं एकक) ६ झालेली. इथे घाई नडते. पाण्यात तरंगणारे कण हेच नव्या स्फटिकांचं बी असतं, त्यामुळे लगेच बफर टाकला तर तोही त्यांच्यावर जाऊन बसतो. २४ ते ४८ तास थांबा, पाणी निवळू द्या, मग दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त न वाढवता वर न्या. मॅग्नेशियमही मोजा. ते वाढत्या स्फटिकांवर बसून त्यांची वाढ रोखतं, म्हणून १२५० पीपीएमच्या खाली असेल तर असे साके पुन्हा पुन्हा पडतात. १३०० ते १३५० ठेवा. शेवटी हीटर आणि पंप काढा. त्यांच्यावर कडक पुटं चढलेली असतात आणि त्यांनी पंप अडकतो. निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, त्यात काही तास बुडवून ब्रश मारा.

वाळू, मीठ आणि बाकीचं

कोरडी अॅरागोनाइट वाळू बादलीत तांदूळ धुतो तशी धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ‘लाइव्ह सँड’ म्हणून ओली येते ती धुवायची नसते. भरताना वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा. तरीही दोन-तीन दिवस धूळ राहतेच. फिल्टर फ्लॉस (गाळणीचा कापूस) रोज बदला आणि वाळूत हात घालू नका. वर्ष-दोन वर्षं न हललेली जुनी वाळू एकदम उकरणं तर मुळीच नको. खालच्या थरात ऑक्सिजन नसतो, हायड्रोजन सल्फाइड आणि साठलेली घाण एकदम वर येते. एका वेळी चौथा हिस्सा स्वच्छ करा, मधे दोन आठवडे जाऊ द्या.

मीठ मिसळतानाच बादली पांढरी झाली तर दोष बहुधा क्रमाचा असतो. आधी पाणी, पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं तर जिथे ते दाट असतं तिथेच साका पडतो. घरच्या पिण्याच्या आरओ मशिनमध्ये अनेकदा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतं. रीफला हे पाणी चालत नाही. टीडीएस ० दाखवणारं आरओ-डीआय पाणी हवं. बोअरच्या कडक पाण्यात मीठ मिसळलं तर अल्कलिनिटी पहिल्यापासूनच चढी असते. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग, तापमान २५-२६ अंश, मगच ते टँकमध्ये.

फुकटचा लाइव्ह रॉक म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरून दगड उचलू नका. त्यावरचे जीव मरून पाणी कुजतं ते आहेच, शिवाय दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ. यूव्ही लावा, तीन दिवस दिवे बंद ठेवा आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली आणा. पिवळसर पण आरपार दिसणारं पाणी गढूळ नसतं, पिशवीतला अॅक्टिव्हेटेड कार्बन बदलला की पिवळेपणा जातो.

आणि कधी संध्याकाळी टर्बो गोगलगायी काचेच्या वरच्या कडेला चढून पांढऱ्या धुराच्या रेघा सोडताना दिसल्या, तर ते अंडी-शुक्राणू आहेत. स्किमर उतू जाऊ शकतो, म्हणून कप रिकामा करून त्याची पातळी थोडी कमी करा, कार्बन आणि ताजा फ्लॉस लावा, आणि अंडी-शुक्राणू खूप सुटले असतील तर रात्रभर एअर स्टोन चालू ठेवा.