छातीची सोनोग्राफी करताना या चुका टाळा

छातीची सोनोग्राफी शिकायला सोपी आहे, हे तिचे कौतुक आता तिच्याच मुळावर आले आहे. दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेला रेसिडेंट डॉक्टर तिसऱ्या दिवशी प्रोब टेकवताच निदान सांगू लागतो, आणि मग तेच ठरावीक घोळ आम्हाला निस्तरावे लागतात. त्यांतला सर्वांत महागात पडणारा घोळ आधी सांगतो.

श्वासाबरोबर फुफ्फुसावरणाचे दोन पदर एकमेकांवर सरकतात, तेव्हा बरगड्यांच्या किंचित खाली दिसणारी चमकदार रेषा लुकलुकते. यालाच आपण स्लायडिंग म्हणतो. ते दिसले, तर प्रोबखालच्या तेवढ्या जागी न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शिरलेली हवा) नाही, असे खात्रीने म्हणता येते. याचे उलट विधान, म्हणजे स्लायडिंग नाही म्हणून न्यूमोथोरॅक्स आहेच, हे मात्र खरे नाही, आणि नेमके तेच सगळे पाठ करून येतात. जुन्या आजाराने किंवा प्ल्युरोडेसिसने (पदर मुद्दाम चिकटवण्याच्या उपचाराने) चिकटलेले पदर, एकाच बाजूच्या श्वासनलिकेत उतरलेली व्हेंटिलेटरची नळी, गंभीर एआरडीएस (दोन्ही फुफ्फुसांना अचानक सूज येऊन ती निकामी होणे), थांबलेला श्वास आणि एम्फिसीमाच्या (फुफ्फुसातील वायुकोश झिजण्याच्या आजाराच्या) रुग्णातील मोठा बुला, म्हणजे फुफ्फुसातलाच हवेचा फुगा, यांपैकी कशानेही स्लायडिंग नाहीसे होते.

एका रात्री सत्तरीकडे झुकलेले, अनेक वर्षे धूम्रपान केलेले एक गृहस्थ धापा टाकत आले. रेसिडेंटने उजवीकडे वरच्या भागात प्रोब ठेवला. स्लायडिंग नव्हते, बी-लाइन (पडद्याच्या तळापर्यंत जाणारी उभी पांढरी रेषा) नव्हती आणि एम-मोडवर (एकाच रेषेवरची हालचाल काळानुसार दाखवणाऱ्या चित्रात) बारकोडसारख्या सरळ रेषा होत्या. मी पोहोचलो तेव्हा छातीला आयोडीन लावून झाले होते आणि आयसीडीचा (छातीतली हवा काढायच्या नळीचा) ट्रे उघडलेला होता. “लंग पॉइंट कुठे सापडला?” असे मी विचारले, तर “शोधला नाही सर, वेळच नव्हता,” असे उत्तर आले. रक्तदाब उत्तम होता आणि ऑक्सिजनवर सॅच्युरेशन टिकून होते, तेव्हा वेळेची सबब मला पटली नाही. मी प्रोब हातात घेऊन बरगड्यांच्या एकेका फटीतून बाहेर आणि खाली सरकत गेलो. एकाच चौकटीत श्वासागणिक स्लायडिंग येते आणि जाते, अशी लंग पॉइंटची जागा कुठेच नव्हती. खालच्या भागात तर स्लायडिंग स्वच्छ दिसत होते. वर, ज्या जागी नळी घालायची होती तिथेच, प्रोब स्थिर धरल्यावर ती चमकदार रेषा हृदयाच्या ठोक्यासरशी बारीक थरथरत होती. हा लंग पल्स. पदर एकमेकांना टेकलेले असल्याशिवाय तो दिसत नाही. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये प्रचंड मोठा बुला निघाला. नळी त्यात शिरली असती, तर फुफ्फुसालाच भोक पडून हवेची गळती कित्येक दिवस थांबली नसती.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे, की आधी दुसरी बाजू पाहावी, प्रत्येक जागी किमान तीन श्वास हात हलवू नये आणि लंग पॉइंट शोधल्याखेरीज न्यूमोथोरॅक्स हा शब्द उच्चारू नये. फुफ्फुस पूर्ण आक्रसले असेल तर लंग पॉइंट सापडत नाही, म्हणून रुग्ण स्थिर असल्यास एक्स-रेची वाट पाहण्यात कमीपणा नाही. रक्तदाब कोसळत असेल आणि चिन्हे टेन्शन न्यूमोथोरॅक्सची (साठत जाणाऱ्या हवेचा दाब हृदयावर येण्याची) असतील, तर अर्थातच हा शोध घेत बसू नये.

दुसरी चूक म्हणजे पांढऱ्या रेषा दिसताच फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारे औषध, देणे. प्लुरल लाइनपासून (फुफ्फुसावरणाच्या त्याच चमकदार रेषेपासून) निघून, न विझता पडद्याच्या तळापर्यंत जाणारी आणि स्लायडिंगबरोबर हलणारी रेषाच बी-लाइन. मध्येच विझणाऱ्या आखूड रेषांना काही अर्थ नाही. दोन बरगड्यांमध्ये 3 किंवा अधिक बी-लाइन हे आजाराचे लक्षण आहे, पण कोणत्या आजाराचे, ते त्या रेषा सांगत नाहीत. त्यासाठी प्लुरल लाइन पाहावी लागते. ती पातळ आणि गुळगुळीत असून बी-लाइन दोन्ही बाजूंना सारख्या असतील, तर संशय हृदयाकडे जातो. ती खडबडीत, तुटक असेल आणि मधूनमधून निरोगी पट्टे असतील, तर न्यूमोनिया किंवा एआरडीएसचा विचार करावा. फायब्रोसिसच्या (फुफ्फुस कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला लघवीची औषधे देऊन कोरडे केलेले मी पाहिले आहे, आणि बी-लाइन दुसऱ्या दिवशी जशाच्या तशा होत्या.

फ्रेंच अतिदक्षता-तज्ज्ञ लिख्टेनश्टाइन यांचा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला ब्लू प्रोटोकॉल (सोनोग्राफीवरून धाप लागण्याचे कारण शोधण्याची ठरावीक पद्धत) अतिदक्षता विभागातील तीव्र श्वसनक्षीणतेसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या साध्या खोकल्यावर तो चालवणे हा आळशीपणाच आहे.

मशीनच्या सेटिंगकडे कोणी पाहत नाही. हार्मोनिक आणि कंपाउंड इमेजिंग चित्रातील आभासी रेषा पुसण्यासाठी बनवलेले असतात आणि आपले निदान तर त्या आभासांवरच उभे असते, म्हणून दोन्ही बंद करावेत. पोटाचा प्रीसेट (पोटासाठीची तयार सेटिंग) तसाच ठेवून “बी-लाइन दिसत नाहीत” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

डावीकडे अन्नाने भरलेले जठर फुफ्फुसाभोवती साचलेल्या पाण्यासारखे किंवा घट्ट झालेल्या फुफ्फुसासारखे दिसते. आधी डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) ओळखावा. पाठीवर झोपलेल्या रुग्णात पाणी मागे साचते, म्हणून प्रोब काखेच्या मागच्या रेषेपर्यंत न्यावा. त्वचेखाली हवा असल्यास बरगडीच दिसत नाही, आणि बरगडी दिसत नसेल तर खालच्या कशालाही नाव देऊ नये. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) आणि फुफ्फुसातील रक्ताची गुठळी यांत चित्र बहुधा निर्दोषच दिसते, आणि आवरणाला न टेकलेली खोलवरची गाठ तर सोनोग्राफीत दिसतच नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये कोणत्या बाजूच्या कोणत्या जागा पाहिल्या, ते मी लिहायला लावतो. नुसते “लंग नॉर्मल” लिहिलेला कागद माझ्याकडून सहीशिवाय परत जातो.