एअर फ्रायरमध्ये फळांचं गोड : प्रत्येकाला आपापली वाटी

दोन-तीन माणसांपुरतं गरम गोड करायचं असेल तर ओव्हनपेक्षा एअर फ्रायर सोयीचा. एवढासा डबा तीन मिनिटांत तापतो आणि जेवण उरकेपर्यंत वाट्या तयार होतात. मात्र ओव्हनची कृती जशीच्या तशी इथे वापरली की वरचा थर करपतो, खाली फळ कच्चं राहतं आणि तळाशी पाणी साचतं. असं का होतं ते समजलं की पुढच्या सगळ्या कृती सोप्या होतात.

बास्केटवाल्या एअर फ्रायरमध्ये तापणारी कॉइल वर असते आणि पंखा ती गरम हवा जोरात खाली ढकलतो. पदार्थाच्या वरच्या बाजूला ही हवा थेट लागते, त्यामुळे तिथलं पाणी झपाट्याने उडतं आणि साखर लवकर तांबूस होते. फळाच्या आत मात्र उष्णता सावकाशच शिरते, कारण सफरचंदात नि अननसात सुमारे ८५ टक्के पाणीच असतं, केळ्यात ७५ टक्के. म्हणून फळ आधी झाकून शिजवायचं, नंतर उघडं करून खरपूस करायचं आणि गूळ किंवा मध अगदी शेवटी घालायचा. फोडी किंवा चकत्या पातळ असतील तर झाकण्याची पायरी गाळता येते. गूळ-मधाचा क्रम मात्र बदलू नका. मधातली फळशर्करा साध्या साखरेपेक्षा बरीच कमी तापमानाला रंग धरते, आणि गुळात साखरेबरोबर इतर घटक असल्याने तोही लवकर करपून कडू होतो.

वाटी कोणती

घरातली स्टीलची वाटी उत्तम. साधारण ८ सेंमी रुंद, ४ सेंमी उंच, २०० मिली मावेल अशी, सरळ भिंतीची आणि बाहेर वळलेल्या काठाची घ्या. स्टील पातळ असल्याने चटकन तापतं आणि फळ कडेनेही शिजतं. चिनी मातीची वाटी चालते, पण ती तापायलाच वेळ घेते, तेव्हा झाकून शिजवण्याची वेळ ३-४ मिनिटांनी वाढवा. सिलिकॉनच्या साच्यात खालून उष्णता नीट पोचत नाही, तळ पांढुरका राहतो. फ्रिजमधून काढलेली काचेची वाटी थेट तापल्या बास्केटमध्ये ठेवू नका, तडकते. मेलामाइन आणि प्लास्टिक अजिबात नको.

चार लिटरच्या बास्केटमध्ये अशा तीन वाट्या बसतात. त्यांच्यामध्ये आणि कडेला बोटभर जागा सोडा. हवा फिरायला वाट मिळाली नाही तर मधल्या बाजू फिक्या राहतात. ४ सेंमीपेक्षा खोल वाटीही टाळा, कारण तिथे तळातलं फळ शिजेपर्यंत वरचा थर जळून जातो.

वाट्या बाहेर काढायची सोय आधीच करून ठेवा. खोल बास्केटमध्ये सांडशी तिरकी घालावी लागते आणि भरलेली वाटी कलंडते. फॉइलची दोन बोटं रुंद पट्टी चार पदरी दुमडून वाटीखालून घ्या आणि तिची टोकं वर उभी ठेवा. दोन्ही टोकं चिमट्यांनी धरून वाटी सरळ वर उचलता येते.

सफरचंदाचं क्रंबल (खाली शिजलेलं फळ, वर तूप-पिठाचा कुरकुरीत चुरा), दोन वाट्या

एक मोठं सफरचंद घ्या, साल आणि गाभा काढून १५० ग्रॅम भरेल एवढं. त्याच्या १ सेंमीच्या फोडी करा. यापेक्षा मोठ्या फोडी दिलेल्या वेळात शिजत नाहीत, आणि पातळ कापांचा लगदा होतो. फोडींना २ चमचे साखर, १ चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर दालचिनी किंवा जायफळ चोळा. चमचा म्हणजे इथे सगळीकडे ५ मिलीचा चहाचा चमचा. साखर लावल्यावर फोडी तशाच ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाशी रस जमतो. वाट्या भरायच्या वेळीच साखर लावा.

सफरचंदाची जात महत्त्वाची आहे. काश्मीर-हिमाचलचं लाल डेलिशियस गोड असतं, आंबटपणा कमी, आणि शीतगृहात बरेच महिने राहिलेलं असेल तर भुसभुशीत लागतं. असं फळ शिजल्यावर विरघळून जातं. बोटाने दाबून कडक लागेल तेच घ्या आणि लिंबाचा रस गाळू नका. हिरवं ग्रॅनी स्मिथ फोडींचा आकार छान टिकवतं, आंबट-गोड चवही देतं, पण महाग असतं. त्याला साखर मात्र दुप्पट, म्हणजे ४ चमचे लागेल.

वरच्या थरासाठी ३० ग्रॅम कणीक, १५ ग्रॅम जाडा रवा, २० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि १८ ग्रॅम थिजलेलं साजूक तूप. तूप पातळ असेल तर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. पातळ तूप पिठात मुरून जातं आणि रवाळ चुऱ्याऐवजी सलग पापडी तयार होते. बोटांच्या टोकांनी तूप पिठात चोळा. मुठीत दाबल्यावर मिश्रणाचा मुटका वळला आणि बोटाने ढकलताच तो मोडला की जमलं. आता ते मुद्दाम दाबून वाटाण्याएवढे, काही त्याहून मोठे गोळे करा. पंखा सुटा भुगा सरळ उडवतो. तो कॉइलवर जाऊन जळतो आणि पदार्थाला धुराचा वास येतो. गोळे जड असल्याने जागचे हलत नाहीत.

मशीन १७० अंशांवर तीन मिनिटं तापवा. वाट्यांमध्ये फोडी पाऊण उंचीपर्यंत भरा आणि प्रत्येकीत एक चमचा पाणी घाला. फॉइल लावून काठाखाली घट्ट दुमडा. ती सैल राहिली तर वाऱ्याने निघून वर कॉइलला चिकटते. फॉइल फळाला टेकू देऊ नका, आंबट रसामुळे धातूची चव उतरते. १७० वर १० मिनिटं ठेवून एक फोड सुरीच्या टोकाने तपासा. सुरी आत जायला हवी, पण फोड फुटता कामा नये. नंतर फॉइल काढा, वर चुऱ्याचा थर पसरा, दाबू नका. तापमान १६० करून ८ ते १० मिनिटं. सहाव्या मिनिटाला डबा उघडून बघा. कडेने घट्ट, सावकाश फुटणारे बुडबुडे दिसले म्हणजे कॉर्नफ्लोअर शिजलं. पाण्यासारखे भराभर बुडबुडे येत असतील तर अजून दोन मिनिटं द्या.

बाहेर काढल्यावर सात-आठ मिनिटं हात लावू नका. रस निवताना दाटतो आणि वरचा थर निवल्यावरच कुरकुरीत होतो. गरम असताना तो मऊच लागतो, त्यामुळे कच्चा राहिला असं समजून पुन्हा आत ढकलला की करपतो.

उपवासासाठी हेच गोड करता येतं. कणीक-रव्याऐवजी ३० ग्रॅम राजगिऱ्याचं पीठ आणि २० ग्रॅम शेंगदाण्याचं जाडसर कूट घ्या, कॉर्नफ्लोअरच्या जागी शिंगाड्याचं पीठ, दालचिनीच्या जागी वेलची आणि मिठाच्या जागी सैंधव. राजगिऱ्यात चिकटपणा नसतो, म्हणून तूप चमचाभर वाढवावं लागतं. शेंगदाणे आधीच भाजलेले असतात, तेव्हा उघड्या टप्प्यात १५५ अंशांवर ७ मिनिटं पुष्कळ झाली.

राजेळी केळं सालीसकट

कोकण-वसईकडचं राजेळी केळं या कामासाठी सगळ्यात चांगलं. गर घट्ट आणि पिठूळ असतो, शिजल्यावरही काप उभे राहतात. राजेळी मिळालं नाही तर केरळी दुकानातलं नेंद्रन असंच वागतं. नेहमीचं बाजारातलं पिवळं केळं घेणार असाल तर ठिपके पडायच्या आधीचं घ्या. फार पिकलेल्याचं शिकरणच होईल. राजेळी मात्र उलट, सालीवर काळे डाग पडल्यावरच घ्या, कारण अर्धकच्चं असताना तुरट लागतं.

इथे वाटीची गरज नाही, साल हेच भांडं. आतल्या बाकाच्या बाजूने उभी चीर द्या, दोन्ही टोकांना २ सेंमी सोडून. सुरी गरात अर्ध्यापर्यंतच जाऊ द्या. चिरेत अर्धा चमचा तूप सोडून केळं १८० अंशांवर ८ मिनिटं ठेवा. तोवर कढईत ४ चमचे ओलं खोबरं आणि २ चमचे चिरलेला गूळ मंद आचेवर परतून मोदकासारखं चून करा. गूळ विरघळून मिश्रण कोरडं होईपर्यंत तीन-चार मिनिटं लागतात, मग वेलची घाला. कच्चं खोबरं आणि गूळ थेट केळ्यात भरला तर गूळ पाझरून बास्केटच्या जाळीत जातो आणि तिथे दगडासारखा घट्ट होतो. शिजलेल्या केळ्याची चीर चमच्याने रुंद करा, चून दाबून भरा आणि पुन्हा फक्त ३ मिनिटं ठेवा. साल काळी पडते, ते बरोबरच आहे. सालीसकट ताटलीत द्या आणि चमच्याने खायला सांगा.

अननसाच्या चकत्या

चकती दीड सेंमी जाड हवी. त्याहून पातळ चकती सुकून चामट होते. मधला कडक दांडा काढा. आता चकत्या स्वच्छ फडक्यात दाबून दोन्ही बाजूंनी नीट टिपा. ही पायरी टाळली तर रंग येतच नाही, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि चकती नुसती वाफवली जाते. तूप पुसटसं लावून १९० अंशांवर ६ मिनिटं, उलटून आणखी ४ मिनिटं, मग प्रत्येकीवर एक चमचा किसलेला गूळ आणि चिमूटभर मिरपूड पसरून ३ मिनिटं. गूळ फेसाळला की लगेच काढा, त्यानंतर मिनिटभरात कडू होतो.

बरोबर घट्ट चक्का किंवा श्रीखंड छान लागतं. इथे एक काळजी घ्या. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि चक्का कडवट होतो. नीट तापलेल्या फळात ते निष्क्रिय झालेलं असतं, म्हणून चकती मधोमध वाफाळेपर्यंत भाजली गेली पाहिजे. सजावटीसाठी वर कच्चे तुकडे ठेवायचा मोह टाळा.

अंजीर, स्ट्रॉबेरी आणि आंबा

पुरंदरची ताजी अंजिरं मिळाली तर देठाकडून फुलीसारखी चीर देऊन तळ जोडलेला ठेवा. प्रत्येकात मोठ्या सुपारीएवढा खवा भरून वर पिस्त्याचे काप दाबून बसवा, नुसते भुरभुरले तर उडतील. १७० वर ६ मिनिटं. अंजीर जरा कडकच घ्या. मऊ पडलेलं फळ कच्चंच खावं.

स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तेव्हा नुसती भाजायला जाऊ नका. सफरचंदासारखं क्रंबल करा, पण १५० ग्रॅम फळाला कॉर्नफ्लोअर दोन चमचे, वाटीत पाणी अजिबात नाही आणि झाकून फक्त ५ मिनिटं.

हापूस तापवू नये. त्याचा सुवास नाजूक असतो, आचेवर तो निघून जातो आणि उरतो नुसता गोड लगदा. आंब्याचं काही करायचंच असेल तर वरचा चुरा वेगळा भाजा, वाटीत गार फोडी घाला आणि खायच्या क्षणी चुरा वर टाका. चुरा १६० अंशांवर पसरट स्टीलच्या ताटलीत ७ मिनिटांत होतो, मध्ये एकदा हलवावा लागतो. हवाबंद डब्यात तो आठवडाभर टिकतो.

बिघडलं तर

वर करपलं, आत कच्चं : तापमान २० अंशांनी उतरवा, नुसती वेळ कमी करून उपयोग नाही. ओव्हनची कृती वापरतानाही हाच हिशोब, २० अंश कमी आणि वेळ चारपंचमांश. प्रत्येक मशीनचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून पहिल्यांदा दिलेल्या वेळेच्या दोनतृतीयांशाला उघडून बघाच.

चुऱ्याच्या खाली पिठाचा ओला थर राहिला : फळ थंड असताना चुरा घातला गेला. फळ वाफाळत असतानाच तो पसरायचा.

गोडाला बोंबलाचा किंवा लसणाचा वास येतो : बास्केट धुतलेली असली तरी वरच्या कॉइलवर तेलाचे शिंतोडे राहतात, तेच गरम होऊन वास सोडतात. मशीन पूर्ण थंड असताना, प्लग काढून, उलटं करून कॉइल ओलसर फडक्याने पुसा. मग वाटीत पाणी आणि लिंबाची फोड घालून १८० अंशांवर पाच मिनिटं चालवा.

बेकिंग पेपर जळाला : रिकाम्या बास्केटमध्ये कागद ठेवून मशीन तापवलं असणार. कागद तळाच्या मापाचा कापा आणि वर वजन असल्याशिवाय आत ठेवू नका.

पाहुणे सहा असतील तर झाकून शिजवण्याचा टप्पा दोन खेपांत आधी उरकून वाट्या फॉइलसकट बाहेर ठेवा, दोन-तीन तास काही होत नाही. चुरा फ्रिजमध्ये राहू द्या. आयत्या वेळी फॉइल न काढता ४ मिनिटं गरम करा, फॉइल काढून चुरा पसरा आणि तीन-तीन वाट्या आत घाला. पहिल्या तीन निवेपर्यंत दुसऱ्या तीन तयार होतात.