हत्तीला हुसकावण्याआधी त्याला ओळखा: या चुका टाळा

सिंधुदुर्गातल्या तिलारी खोऱ्यातल्या एका बागेत आम्ही सकाळी पोचलो तेव्हा दोन माड आडवे झाले होते आणि केळी चिखलात तुडवलेल्या होत्या. बागायतदार काका पंचनाम्यासाठी फोटो काढत होते. सोबतच्या वनमजुराने खिशातून सुतळी काढली, पुढच्या पायाच्या गोल ठशाभोवती फिरवून माप घेतलं, त्याच्या दुप्पट सुतळी सोडली आणि शेजारच्या उभ्या माडाला लावली. वरचं टोक गाठायला त्याला दगडावर चढावं लागलं. "टस्करच तो काका, मादी न्हय," तो म्हणाला.

टस्कर म्हणजे सुळे असलेला नर. हत्तीच्या पुढच्या पायाचा घेर दुप्पट केला की त्याची खांद्यापर्यंतची उंची जवळपास मिळते, आणि इतकी उंची सहसा नराचीच असते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी दिलेल्या अशा साध्या युक्त्यांवर पुढचे सगळे निर्णय उभे राहतात. त्या वापरल्या नाहीत, तर होणाऱ्या चुका शेतकऱ्यालाही महागात पडतात आणि हत्तीलाही.

"हत्ती इलो" एवढ्यावरच थांबणं

आलेला हत्ती कोण, हे विचारलंच जात नाही. माद्या आणि पिल्लं कळपात राहतात आणि कळप चालतो वयस्क मादीच्या अनुभवावर. नर वयात आला की कळप सोडतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रमण सुकुमार यांनी दक्षिणेतल्या हत्तींचा अनेक वर्षं अभ्यास केला. शेतात शिरण्यात नर पुढे असतात, असं त्यांना दिसलं. भात, केळी, ऊस यांत जंगलातल्या चाऱ्यापेक्षा पोषण जास्त. अंग भरलं की मदाचा, म्हणजे नराच्या माजाचा, काळ चांगला येतो आणि माद्यांपुढे प्रतिस्पर्ध्यांशी टिकाव लागतो. म्हणून नर जिवाचा धोका पत्करतो. निशांत श्रीनिवासय्या आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: शेतीने वेढलेल्या भागात तरुण नर आता गट करून राहू लागले आहेत.

पिल्लू असलेली मादी वेगळी. तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये माणूस आला की ती अंगावर येणारच. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप आला, तेव्हा त्याला पाहायला आणि मोबाइलवर टिपायला लोक जवळ जाऊ लागले. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पिल्लं असलेल्या कळपाजवळ जाऊ नका.

दरवेळी सुतळी बॉम्ब

पहिल्या रात्री हत्ती पळतो. आठवड्याने थबकतो. महिन्याभराने आवाजाकडे कान वळवून पुन्हा खायला लागतो, कारण आवाजानंतर काही होत नाही हे त्याला कळलेलं असतं. मग माणूस आणखी जवळ जातो आणि अपघात तिथेच होतो. जळते गोळे, टोकदार सळया तर नकोच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्याविरुद्ध आदेश दिले आहेत. चारही बाजूंनी हाकारा घालणं हीसुद्धा तशीच घोडचूक. हत्तीला जायला एक वाट मोकळी हवी, आणि ती शेजारच्या वाडीतून जाणारी नको.

तमिळनाडूतल्या वालपराईच्या चहामळ्यांत एम. आनंदकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. बहुतेक माणसं हत्ती जवळपास आहे हे माहीतच नसताना दगावली होती. म्हणून त्यांनी माणसांना सावध करायची सोय केली: मोबाइलवर संदेश, स्थानिक टीव्हीवर पट्टी आणि मोक्याच्या जागी फोनवरून पेटवता येणारे लाल दिवे. आपल्याकडे काजूच्या बागेत पहाटे जाणाऱ्या बाईला आदल्या रात्रीची खबर मिळाली, तर तिचा जीव वाचू शकतो.

"पकडा आणि लांब सोडा"

ही मागणी मी सर्वांत जास्त ऐकतो. नुकसान सोसणाऱ्याच्या तोंडी ती येणारच, त्याला दोष नाही. पण हत्तीच्या डोक्यात घराचा नकाशा असतो. श्रीलंकेत पृथ्वीराज फर्नांडो यांच्या गटाने हलवलेल्या १२ नरांना जीपीएस पट्टे लावून त्यांचा माग काढला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. काही नर मूळ जागी परतले, काही भटकत राहिले आणि काही सोडलेल्या जागेच्या आसपास स्थिरावले. अभयारण्यात सोडलेले बहुतेक तिथून बाहेर पडले. संघर्ष नव्या गावांत पसरला आणि हत्तींचे मृत्यूही वाढले. आपल्या सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात २०१५ मध्ये पकडलेल्या तीन हत्तींपैकी दोन बंदिवासातच मेले.

कळपाची घडी मोडली की काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात दिसलं. तिथे अनाथ पिल्लं आणून सोडली होती. वयस्क नरांचा धाक न पाहताच वाढलेले ते तरुण नर अकाली मदात आले आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. मग तिथल्याच क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा वयस्क नर आणले. तरुणांचा मद आटोक्यात आला आणि गेंड्यांचं मरण थांबलं. एक मोठा हत्ती हलवला की मागे राहिलेल्यांत काय बिघडेल, हा प्रश्न आधीच विचारायला हवा.

दुसरीकडचा उपाय जसाच्या तसा

केनियात लुसी किंग यांनी मधमाश्यांचा आवाज ऐकून हत्ती मागे सरतात हे दाखवलं आणि त्यातून पेट्यांचं कुंपण तयार झालं. पुढे श्रीलंकेतल्या हत्तींवरही आवाजाचे प्रयोग झाले. उपाय चांगला आहे, पण आफ्रिकेतली माशी फार चिडखोर. आपली सातेरी मधमाशी तुलनेने शांत. पेट्या लावूनही हत्ती येत असेल तर आधी झाकण उघडून पाहा. कोकणातल्या पावसाळ्यात साखरपाणी दिलं नाही तर वसाहत निघून जाते, आणि रिकामी पेटी म्हणजे हत्तीला नुसतं लाकूड. पेट्यांना जोडणारी तार सैल असली तरी पेटी हलत नाही आणि माश्या बाहेर येत नाहीत.

सौरकुंपणाचंही तसंच. तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो. सुळ्यातून वीज वाहत नाही हे टस्कर शिकतो आणि सुळ्याने तार तोडतो, कधी झाड ढकलून तारेवर पाडतो. जंगलाच्या हद्दीवर मैलोन्‌मैल तार ओढण्यापेक्षा ती गावाभोवती आणि पिकाभोवती घाला. श्रीलंकेत काही गावं शेताची तार कापणीनंतर काढून घेतात आणि हत्तींना ते रान चरायला मोकळं करतात.

नोंद न ठेवणं

पंचनाम्यात माडांची संख्या येते, पण हत्ती येत नाही. प्रत्येक वाडीत एक वही ठेवा. सुतळी आणि मोजपट्टी वहीसोबत एकाच पिशवीत असू द्या. लीद दिसली तर काडीने फोडून पाहा: फणसाच्या आठळ्या आहेत, भाताचा तूस आहे की नुसता बांबू? त्या सकाळी काकांच्या वहीत पहिली नोंद अशी झाली: "पहाटे ४. एकटा टस्कर, डावा सुळा आखूड. पायाचा घेर १३५ सेंमी. केळी खाल्ली, दोन माड पाडून गाभा खाल्ला, सुपारीला हात नाही. नदीकडून आला, नदीकडेच गेला."