माशांच्या भुकेवर पीएचडी करायचीय? मग आधी हे वाचा

झूलॉजी नाहीतर फिशरीज करून फिश एंडोक्रायनोलॉजीत (माशांच्या हार्मोन्सच्या अभ्यासात) यायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठला हार्मोन घेऊ? मी म्हणेन हार्मोन नंतर, आधी खाणं समजून घ्या.

कारण ग्रोथ हार्मोन वाढलं की वाढ होते हे डोक्यात बारावीपासून फिट्ट बसलेलं असतं, आणि इथे येऊन कळतं की ट्राउटला उपाशी ठेवलं तर रक्तातलं ग्रोथ हार्मोन उलट वाढतं आणि वाढ मात्र ठप्प! वाढीचं बरंचसं काम पुढे आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन करतं, ते मुख्यतः लिव्हरमधून येतं, आणि खाणं बंद झालं, इन्सुलिन उतरलं की लिव्हर ग्रोथ हार्मोनला दादच देत नाही. आयजीएफ कमी म्हणून पिट्युटरीला (ग्रोथ हार्मोन सोडणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीला) आवरणारंही कोणी नाही, मग ती ते सोडतच राहते, आणि ते हार्मोन चरबी मोडायच्या कामाला लागतं. माणसात अ‍ॅनोरेक्सियात असंच दिसतं, पण उपाशी उंदरात ग्रोथ हार्मोन खाली जातं. त्यामुळे नुसतं ग्रोथ हार्मोन मोजून 'वाढ चांगली' लिहिलंत तर व्हायव्हात सापडलात म्हणून समजा.

घ्रेलिन या हार्मोनचंही तसंच. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते उंदराच्या जठरातून शोधलं, भूक वाढवणारं म्हणून गाजलं, गोल्डफिशमध्ये वाढवतंही, पण कोंबडीच्या पिल्लांना टोचलं तर ती कमी खातात. भूक आवरणारं लेप्टिन आपल्यात चरबीतून येतं, माशांत बहुतेक करून लिव्हरमधून. म्हणून पेपर हातात घेतला की प्राणी कुठला ते आधी बघायचं.

आता लॅबचं. सॅम्पल घेताना शेवटचं खाणं किती तासांपूर्वी झालं ते लिहून ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. उरलेलं खाद्य काढून त्याचा हिशोब ठेवा (कंटाळवाणं आहे, पण माशाने किती खाल्लं हे दुसरं कसं कळणार). जाळ्याने पळवून पळवून पकडलंत की कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) चढतं, तेव्हा पटकन पकडा आणि लवंग तेलाने बेशुद्ध करा. माणसांसाठीचं एलायझा किट (रक्तातलं हार्मोन मोजायचं) माशाला चालेलच असं नाही, म्हणून बरेच जण क्यूपीसीआरकडे वळतात, त्यात एमआरएनए, म्हणजे हार्मोन बनवायचा जीनचा संदेश मोजतात, पण एमआरएनए वाढला म्हणजे रक्तात हार्मोन वाढलंच असं नसतं.

आणि टँक कमी असतील तर गाईडशी सुरुवातीलाच भांडा, खाद्याच्या ट्रायलमध्ये एका टँकमधले वीस मासे म्हणजे वीस सॅम्पल नव्हे, रेप्लिकेट (स्वतंत्र नमुना) एकच धरतात.