दोन रंगांत अडकलात? भिंतीवर असं बघून ठरवा

दिवाळीची पुताई जवळ आली की आमच्या रामबागेत घरोघरी हीच चर्चा, हॉलला क्रीम द्यायचा की हलका पिस्ता, आणि सगळे शेड कार्ड घेऊन ट्यूबलाइटखाली बसलेले. कार्डावरून ठरवू नका हो. तो एवढासा तुकडा असतो, खोलीत चारही भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो, त्यामुळे तीच शेड जास्त गडद वाटते.

आधी दोन्ही शेडचे छोटे सँपल डबे आणा, 200 मिलीचे मिळतात, पण दोन्हींचं फिनिश एकच हवं, एक मॅट आणि एक चमकदार असेल तर तुलनाच चुकते. मग दोन मोठ्या पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर दोन-दोन कोट मारा, मधे डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या. कडेला दोनेक इंच पांढरी पट्टी सोडायची, ही फार कामाची, नाहीतर जुन्या निळ्या भिंतीला लागून नवा क्रीम उगाच पिवळा दिसतो. आणि ओल्या रंगावरून मत बनवू नका, इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा पाण्यातला रंग, वाळल्यावर बहुतेक वेळा थोडं गडद होतं.

आता खरं काम. दोन्ही शीट एकाच भिंतीवर लावा पण हातभर अंतर ठेवा, चिकटून ठेवले की फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री लाइट लावून बघा, दुसऱ्या दिवशी भिंत बदला. आमचा हॉल पश्चिमेचा, संध्याकाळी केशरी ऊन थेट आत येतं तेव्हा क्रीम अगदी हळदीसारखा झाला, पिस्ता मात्र शांत राहिला. रात्री उलटं, 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे बल्बच्या उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या एलईडीत पिस्ता अगदी थंड, फिका दिसायला लागला, तेव्हा आईने बल्बच बदलायला लावला, 3000 केल्विनचा पिवळसर, आणि मग जमलं, कारण आम्ही सगळे हॉलमध्ये बसतो ते जेवण झाल्यावरच. तुम्ही जास्त कधी बसता ती वेळ धरा. शीट फरशीजवळ, सोफ्याजवळही धरून बघा, फरशी काही बदलणार नाहीये.

ठरलं की शेडचा कोड लिहून ठेवा, खोलीचे सगळे डबे एकदमच आणा, नंतर मशीनवर बनवलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो, आणि पुताईवाल्या भैयांना सांगा की सगळे डबे एका मोठ्या बादलीत मिसळूनच सुरुवात करा.