दुःखसहनाच्या आठवड्यात मार्कचे दोन अध्याय कसे वाचावेत

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ताच्या दुःखसहनावर घरी मनन करायचे असेल, तर चारही शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची चार पुस्तके, एकदम उघडू नका. मार्कच्या शुभवर्तमानाचे १४ आणि १५ हे दोनच अध्याय घ्या. दोन्ही मिळून ११९ वचने आहेत. मार्क मोजक्या शब्दांत सांगतो, त्यामुळे वाचणाऱ्याला थांबायला भरपूर जागा मिळते.

विभागणी अशी करा. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) १४:१–११, म्हणजे १४व्या अध्यायातली १ ते ११ वचने, सोमवारी १४:१२–३१, मंगळवारी १४:३२–५२, बुधवारी १४:५३–७२, गुरुवारी १५:१–२०, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) १५:२१–४१ आणि शनिवारी १५:४२–४७. या हिशेबात येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या भोजनाचा भाग सोमवारी येतो आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये तोच विषय पुन्हा समोर येतो. त्याने काही बिघडत नाही. वधस्तंभ शुक्रवारी आणि कबर शनिवारी यावी, हे जास्त महत्त्वाचे.

रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन मिनिटे गप्प बसा, मग भाग मोठ्याने वाचा. लगेच दुसऱ्यांदा वाचा, पण निम्म्या वेगाने, आणि येशूच्या जवळ असलेला एक माणूस निवडा. तो काय करतो, काय टाळतो, त्याच्या जागी आपण कधी उभे होतो का, एवढेच दहा मिनिटे मनात धरा. शेवटी प्रार्थना करा. ती आपल्याच शब्दांत आणि लहान असावी.

माणूस का निवडायचा, हे मार्कच्या लिहिण्यातच आहे. वधस्तंभी देण्याची क्रिया तो एका वाक्यात उरकतो. खिळ्यांचे वर्णन तिथे नाही. खिळ्यांचा उल्लेख येतो तो योहानाच्या २०व्या अध्यायात, थोमा या शिष्याच्या तोंडी. मार्क सविस्तर सांगतो ते येशूला एकटे टाकणे: झोपी गेलेले तिघे शिष्य, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचे चुंबन, पळून गेलेले सगळे, पेत्र या शिष्याने त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा दिलेला नकार, वाटसरूंची टिंगल. म्हणून सिनेमातली रक्ताची दृश्ये आठवत बसलात तर डोळे भरून येतील, पण मार्कने समोर ठेवलेले दुःख हातून निसटेल. सगळ्यात जास्त चुकते ते इथेच.

रविवारच्या भागात बेथानी गावातली स्त्री जटामांसीच्या तेलाची कुपी फोडते. त्याची किंमत तीनशे दीनारांहून अधिक, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आपली जवळजवळ वर्षाची कमाई कागदावर लिहा, मग ते वचन पुन्हा वाचा. मंगळवारी गेथशेमाने बागेत येशू तीनदा शिष्यांकडे परत येतो. दर वेळी वाचन थांबवा. बुधवारचा पेत्र सर्वांत अवघड जातो, कारण त्याने त्याच रात्री थोडे आधी ‘मी तुम्हाला नाकारणार नाही’ असे ठासून सांगितलेले असते. त्याला नावे ठेवायची घाई करू नका. गुरुवारी ‘यहूद्यांनी मारले’ असा निष्कर्ष काढू नका: येशू, त्याची आई, त्याचे शिष्य सगळे यहूदीच होते आणि वधस्तंभ ही रोमी शिक्षा पिलात या रोमी सुभेदाराच्या हुकमाने झाली.

शुक्रवारचा भाग तीन वेळांत वाटा. मार्कच्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासांचा हिशेब म्हणजे आपले साधारण सकाळचे नऊ, दुपारचे बारा आणि तीन. नऊला १५:२१–३२, बाराला १५:३३ एवढे एकच वचन, तीनला ३४ ते ४१. नोकरीवर असाल तर बाराचे वचन पाठ करून ठेवा. मार्कमध्ये येशूचा वधस्तंभावरचा एकच उद्गार आहे, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ परंपरेने मोजल्या जाणाऱ्या सात उद्गारांपैकी उरलेले सहा लूक आणि योहान यांच्याकडून येतात. ते चर्चमध्ये ऐका. घरी मात्र या एकाच प्रश्नाला उत्तर देऊन मोकळे होऊ नका. सांत्वनाचे वचन लगेच जोडले, की तो प्रश्न ऐकूच येत नाही.

मुले सोबत असतील तर दहा मिनिटांच्या शांततेचा आग्रह नको. भाग एकदा वाचा आणि ‘यात कोण पळून गेलं, कोण थांबलं?’ एवढे विचारा. थांबलेल्या स्त्रियांची नावे १५:४० मध्ये आहेत. उपवास करत असाल तर मधुमेहींनी आणि गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. त्याने मनन उणे होत नाही.

शनिवारची सहा वचने छोटी म्हणून ईस्टरच्या तयारीत राहून जातात. ती सकाळीच वाचा आणि ४७व्या वचनावर पुस्तक मिटा. १६वा अध्याय ईस्टरच्या रविवारी पहाटेच उघडायचा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन भाग एकत्र वाचू नका. चुकलेला सोडून द्या आणि त्या दिवसाचाच भाग घ्या.