डिस्प्लेवर २९, अंड्यांपाशी ३३

मेच्या अखेरीस गोठ्याची जुनी भिंत पाडताना जेसीबीखाली नागाची १७ अंडी निघाली. चार फुटली, तेरा शाबूत. परत ठेवायला बीळच उरलं नव्हतं, म्हणून वनरक्षकांनी पंचनामा करून ती उबवायला माझ्याकडे दिली. त्या तेरातून सहा पिल्लं धड निघाली. चारांचे कणे वाकडे होते आणि तिघं पूर्ण वाढून अंड्यातच मेली. इतकी वर्षं झाली तरी हे आकडे मला वही न उघडता आठवतात.

अंडी उलटायची नाहीत, सापडली तशीच ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलची खूण करायची, कोकोपीट (अंडी ज्यात ठेवतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर अजून अंड्यांना हात लावू नका. आणि वनखात्याला न कळवता तर अजिबातच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. जागेवर राहू शकणारी अंडी जागेवरच बरी.

आता मी जिथे फसलो ते. थर्मोकोलचा खोका, एका बाजूला बल्ब, स्वस्तातला थर्मोस्टॅट, त्याचा सेन्सर समोरच्या कोपऱ्यात हवेच्या भोकाजवळ. सेट केलं २९ अंश सेल्सिअस. दिवसातून दहा वेळा बघायचो, कायम २९, फार तर २९.४. मी खूश. पण थर्मोस्टॅटचं कामच ते आहे! त्याच्या सेन्सरला २९ वाटेपर्यंत तो बल्ब चालू ठेवणार आणि २९ वाटलं की बंद करणार. सेन्सर खोटं बोलत असला तरी डिस्प्लेवर २९ च येणार. म्हणजे मी राखणदारालाच रोज विचारत होतो, ‘रात्री जागा होतास ना?’ आणि तो ‘हो’ म्हणत होता.

पिल्लं ४८ व्या दिवशी निघू लागली. नागाला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे लवकर आली म्हणून मी चक्क पेढे आणायला निघालो होतो. जास्त उष्णतेत वाढ घाईने होते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पहिला वाकडा कणा दिसल्यावर सेन्सर काढून बर्फात धरला. त्याने उणे २ दाखवलं. तापाच्या थर्मामीटरने ३७ असलेल्या कोमट पाण्यात धरला तर ३५. म्हणजे त्या कोपऱ्यात खरं तापमान ३१ होतं. अंडी बल्बच्या बाजूला होती, तिथे दुसऱ्या थर्मामीटरने ३३ भरलं. दोन-दोन अंशांच्या दोन चुका, दोन्ही एकाच दिशेने.

तेव्हा अंडी ठेवण्याआधीच ही तपासणी करा. कुस्करलेला बर्फ गच्च भरा, पाणी जेमतेम फटी भरण्यापुरतं घाला, ढवळत राहा आणि सेन्सर तळाला टेकवू नका. शून्याऐवजी जो आकडा येईल तो खोक्यावर मार्करने लिहा. मग ३७ अंशांजवळ पुन्हा एकदा. तापाचा थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असेल तर ९८.६ म्हणजे ३७. जाळीच्या प्लास्टिक डबीतला डीएचटी-११ हा तापमान-आर्द्रतेचा स्वस्त सेन्सर मात्र पाण्यात बुडवू नका. त्याची अचूकताच अधिक-उणे २ अंश आहे, या कामाला तो घेऊच नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, त्यांच्या शेजारी ठेवा. आणि खोक्याच्या आत, थर्मोस्टॅटशी काही संबंध नसलेला एक वेगळा कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. तुम्ही झोपलेले असताना काय झालं ते फक्त तोच सांगतो.

इन्फ्रारेड गनचा मला राग आहे. झाकणावरून रोखली की ती झाकणाचं तापमान सांगते, अंड्यांचं नाही, पण हातात घेऊन फोटो छान येतो. तसेच ‘हाताला कळतं रे, आकडे कशाला’ म्हणणारे गुरू. माझेही होते. नाग धरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण खोक्यात ३१ आहे की ३३, हे कुणाच्याच तळहाताला सांगता येत नाही. आणि हो, एलईडी बल्ब लावून ऊब येत नाही म्हणून फोन करणारेही दरवर्षी एक-दोन असतात.

मे महिन्यात तर अडचण उलटीच. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. दुपारी खोलीच ३७ वर गेली तर खोका मुकाट त्यामागे जातो. पत्र्याखाली ठेवू नका. तळमजल्यावरची, जाड भिंतींची खोली शोधा. पाऊस सुरू झाला की मग बल्बचं खरं काम सुरू होतं.

लाइट गेली म्हणून मात्र रडकुंडीला येऊ नका. चार-पाच तास २५-२६ वर उतरलं तर वाढ जरा मंदावते, एवढंच. बिळातही तापमान थोडं हलतंच. कासव-मगरीसारखं नर-मादीचं गणितही नागात तापमानावर नसतं. थंडीत सावरायला वेळ मिळतो, उष्णतेत मिळत नाही. म्हणून मी आता २९ ऐवजी २८ वरच ठेवतो. शेवटच्या पंधरवड्यात अंड्यांची स्वतःचीही थोडी ऊब जमते, तेव्हा वहीतले आकडे जास्त बारकाईने बघतो.

पुढच्या वर्षी धामणीची ११ अंडी आली. ६० वा दिवस उलटला, हालचाल नाही. गुरूंचा फोन : ‘एखादं फोडून बघ.’ नाही फोडलं. ६४ व्या दिवशी पहाटे तीन अंड्यांवर चीर दिसली. एकातून नुसतं तोंड बाहेर आलं आणि ते पिल्लू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच बसून राहिलं. पिवळा बलक आत ओढून होईस्तोवर त्यांना घाई नसते. कमाल २८.६, किमान २६.९, एवढं वहीत लिहून मी झाकण लावलं.